शिरेतली नळी आणि पाच साध्या गोष्टी

आजारी नातेवाइकाला भेटायला आपण रुग्णालयात जातो, तेव्हा खाटेशेजारी टांगलेली सलाइनची बाटली आणि हाताच्या पाठीवर चिकटपट्टीने बसवलेली सुई हे दृश्य आपल्या ओळखीचे असते. अतिदक्षता विभागात मात्र नळी पुष्कळदा हाताला नसते. ती मानेतून किंवा गळ्याखालच्या हाडाच्या खालून आत शिरते आणि तिचे टोक हृदयाला लागून असलेल्या मोठ्या शिरेपर्यंत, म्हणजे ऊर्ध्व महाशिरेपर्यंत, पोचलेले असते. कधी ती जांघेतूनही घालतात. हिला केंद्रीय शिरेतील नलिका म्हणतात. डॉक्टरांच्या बोलण्यात ती 'सेंट्रल लाइन' असते.

या नळीमुळे असंख्य माणसे वाचतात. पण तिच्याच वाटेने जंतू थेट रक्तात शिरू शकतात. मग ज्या आजारासाठी रुग्ण दाखल झाला तो बरा होत असतानाच दुसरे, उपचारातून आलेले दुखणे त्याला गाठते. असा संसर्ग झालेले सगळे रुग्ण वाचत नाहीत. बराच काळ वैद्यकशास्त्राने हे नळीबरोबर येणारे अटळ संकट मानले होते. ते अटळ नाही हे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सिद्ध झाले. त्यासाठी नवे औषध किंवा नवे यंत्र लागले नाही. मग काय लागले, ते या लेखात पाहू.

इतक्या आत नळी कशासाठी?

१९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्ड गावच्या रुग्णालयात वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्या कोपराजवळच्या शिरेतून एक बारीक रबरी नळी आत सरकवली, त्याच अवस्थेत चालत क्ष-किरण विभागात जाऊन नळीचे टोक हृदयात पोचल्याचे चित्र काढून घेतले. त्या वेळी त्याची कुचेष्टाच अधिक झाली. पुढे १९५६ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९५३ साली स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी आधी सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी अशी सोपी पद्धत शोधली. त्यानंतर मोठ्या शिरेत नळी घालणे हे रोजचे काम झाले.

हातावरची शीर बारीक असते. रक्तदाब टिकवून ठेवणारी तीव्र औषधे किंवा तोंडाने खाऊ न शकणाऱ्या रुग्णासाठीचे दाट पोषक द्रावण त्या शिरेत सोडले, तर शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते. महाशिरेतून मात्र दर मिनिटाला लिटरभराहून अधिक रक्त वाहते, त्यामुळे औषध शिरताक्षणी पातळ होऊन जाते. म्हणून ही नळी लागते आणि कित्येकदा ती आठवडा-दोन आठवडे ठेवावी लागते.

जंतू कोठून येतात?

त्वचा ही आपल्या शरीराची तटबंदी आहे. नळी घालणे म्हणजे या तटाला भोक पाडून ते उघडे ठेवणे. आत शिरायला जंतूंना मुख्यतः दोन वाटा असतात. पहिली वाट नळीच्या बाहेरच्या अंगाने जाते. नळी घातली त्या जागेच्या त्वचेवरचे जिवाणू नळीला धरून आत सरकतात. पहिल्या आठवडा-दहा दिवसांतले संसर्ग बहुधा या वाटेने येतात. दुसरी वाट नळीच्या पोकळीतून जाते. औषध टोचायला किंवा सलाइन जोडायला नळीच्या बाहेरच्या तोंडाला दिवसातून अनेकदा हात लागतो. हात किंवा ते तोंड अस्वच्छ असेल तर जंतू आतूनच प्रवास करतात. नळी जितके जास्त दिवस राहील तितके या दुसऱ्या वाटेचे महत्त्व वाढते.

यातला एक नेहमीचा गुन्हेगार आहे स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. हा आपल्या सर्वांच्या त्वचेवर गुण्यागोविंदाने राहतो. हाताला खरचटले तरी तो सहसा काही करत नाही. मग नळी मिळताच तो इतका त्रासदायक का होतो?

याचे उत्तर घरातल्या मडक्यात सापडेल. पिण्याच्या पाण्याचे मडके काही दिवस घासले नाही तर आतून बोटाला बुळबुळीत लागते. नदीतल्या दगडावर किंवा सकाळी दात घासण्यापूर्वी दातांवर असतो तोही असाच थर. पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणू स्वतःभोवती चिकट पदार्थ स्रवतात आणि त्या आवरणात वस्ती करून राहतात. याला जैवपटल म्हणतात. शरीरात गेलेल्या नळीवर रक्तातली प्रथिने लगेचच बसतात आणि जिवाणूंना चिकटायला आयती जागा मिळते. जैवपटलातल्या जिवाणूंपर्यंत आपल्या पांढऱ्या पेशी नीट पोचत नाहीत. तळाशी असलेले जिवाणू जवळजवळ सुप्तावस्थेत असतात. अनेक प्रतिजैविके वाढत्या जिवाणूंवरच परिणाम करत असल्याने हे सुप्त जिवाणू औषधाला दाद देत नाहीत. औषध चालू असेतो ताप उतरतो आणि थांबवले की पुन्हा चढतो, असे त्यामुळे घडते. शेवटी पुष्कळदा नळीच काढावी लागते.

नळीवर जंतूंची वस्ती झाली आहे का हे पाहण्याची एक सुटसुटीत रीत डेनिस माकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली सुचवली. काढलेल्या नळीच्या टोकाचा सुमारे पाच सेंटिमीटरचा तुकडा, पोळपाटावर लाटणे फिरवावे तसा, जिवाणूंच्या खाद्याच्या बशीवर फिरवायचा आणि उबेत ठेवायचा. बशीवर जिवाणूंचे पंधरा किंवा अधिक ठिपके उगवले तर नळीवर वस्ती झाली असे समजायचे. आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांच्या दृष्टीने ही रीत इतकी सोपी होती की ती जगभर रुजली.

मोजायचे कसे?

एखाद्या रुग्णालयात वर्षात दहा संसर्ग झाले आणि दुसऱ्यात वीस, म्हणून दुसरे वाईट असे म्हणता येत नाही. दुसऱ्यात रुग्ण अधिक असतील किंवा नळ्या अधिक दिवस ठेवल्या जात असतील. म्हणून 'नळी-दिवस' हे एकक वापरतात. एका रुग्णाला एक दिवस नळी असली की तो एक नळी-दिवस. समजा, एका विभागात रोज सरासरी सहा रुग्णांना नळी आहे. तीस दिवसांच्या महिन्यात १८० नळी-दिवस झाले. त्या महिन्यात एक संसर्ग झाला तर दर १००० नळी-दिवसांमागे १००० ÷ १८० म्हणजे सुमारे ५.६ संसर्ग असे प्रमाण आले. सातवी-आठवीच्या मुलांना गुणोत्तराचे उदाहरण म्हणून हे गणित सहज घालता येईल. आता पुढचे आकडे याच मापात पाहू.

पाच गोष्टी

संसर्ग टाळण्यासाठी नळी घालताना आणि नंतर काय करायचे याबद्दलच्या शिफारशी अनेक आहेत. त्यांतल्या सर्वांत परिणामकारक आणि स्वस्त अशा पाच गोष्टी अशा:

पहिली, नळी घालण्यापूर्वी हात धुणे. ही गोष्ट नवी नाही. १८४७ साली व्हिएन्नात इग्नाझ सेमेलवाइस यांनी प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले. १८४६ साली त्या कक्षात दर शंभर बाळंतिणींमागे अकरांहून अधिक दगावत होत्या. १८४८ साली ते प्रमाण सव्वाच्या आसपास आले.

दुसरी, पुरेसा आडोसा. डॉक्टरने टोपी, मुखपट्टी, निर्जंतुक झगा व हातमोजे घालायचे आणि रुग्णाचे सर्व शरीर निर्जंतुक चादरीने झाकायचे. फक्त नळीच्या जागेपुरता लहान कपडा पुरत नाही, कारण नळीबरोबरची लांब तार हाताळताना सहज बाजूच्या अंगाला लागते. असा पूर्ण आडोसा केल्याने संसर्ग घटतो हे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले.

तिसरी, क्लोरहेक्झिडिनने त्वचा स्वच्छ करणे. सॅव्हलॉनसारख्या द्रावणातून हा पदार्थ आपल्या परिचयाचा आहे. तो त्वचेला धरून राहतो, त्यामुळे त्याचा परिणाम काही तास टिकतो. माकी यांच्याच गटाने १९९१ साली त्याची अल्कोहोल व पोव्हिडोन आयोडीन यांच्याशी तुलना केली. क्लोरहेक्झिडिन वापरले तेथे नळीच्या संसर्गाचे प्रमाण इतर दोहोंच्या निम्म्याहूनही कमी होते. आता ते अल्कोहोलमध्ये मिसळून वापरतात. ते लावल्यावर पूर्ण वाळू द्यावे लागते; घाईने ओल्या त्वचेत सुई घातली तर उपयोग कमी होतो.

चौथी, शक्य असेल तर जांघेची जागा टाळणे. ही जागा मलमूत्रमार्गाजवळ आणि घामट असते. गळ्याखालच्या हाडाखालच्या शिरेत संसर्ग सर्वांत कमी होतो. मात्र तेथे सुई चुकली तर फुप्फुसाच्या आवरणात हवा शिरण्याचा धोका अधिक असतो. फ्रान्समध्ये झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात या दोन्ही बाजू स्पष्ट दिसल्या. जागेची निवड अशी तारतम्याने करावी लागते.

पाचवी, नळीची गरज संपताच ती काढणे. यासाठी रोज सकाळी प्रत्येक रुग्णापाशी एकच प्रश्न विचारायचा: ही नळी आज लागणार आहे का? नसलेल्या नळीतून संसर्ग होऊ शकत नाही.

माहीत होते, मग अडले कुठे?

या पाचांपैकी एकही गोष्ट गुप्त नव्हती. तरीही अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातल्या जॉन्स हॉपकिन्स या नामांकित रुग्णालयाच्या शस्त्रक्रिया अतिदक्षता विभागात १९९८ सालच्या पहिल्या तिमाहीत दर १००० नळी-दिवसांमागे ११.३ संसर्ग होत होते. तेथील डॉक्टर पीटर प्रोनोव्होस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी नुसते निरीक्षण करायचे ठरवले. परिचारिकांनी टिपणे ठेवली. सर्व नियम पाळून नळी घातली गेली असे प्रसंग १०० पैकी फक्त ६२ निघाले.

हा आकडा वाचून आपण म्हणू, किती हा निष्काळजीपणा! पण थोडे गणित करून पाहू. पाच पायऱ्या आहेत आणि डॉक्टर प्रत्येक पायरी दहापैकी नऊ वेळा बिनचूक पाळतो असे मानू. एका पायरीवरची चूक दुसरीवर अवलंबून नाही असेही धरू. मग पाचही पायऱ्या बिनचूक होण्याची संभाव्यता ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९ म्हणजे सुमारे ०.५९. शंभरांपैकी एकेचाळीस वेळा काही ना काही राहून जाणार! प्रत्यक्षात दिसलेल्या ६२ च्या अगदी जवळचा हा आकडा आहे. प्रत्येक पायरीला ९९ टक्के अचूकता आणली तरी शंभरांत पाच वेळा काहीतरी सुटतेच. म्हणजे प्रत्येक पायरीपुरता पाहिला तर डॉक्टर पुष्कळच सावध असतो. चूक साखळीच्या लांबीमुळे वाढते. रात्री दोन वाजता रक्तदाब कोसळलेल्या रुग्णापाशी उभे असताना ती आणखी वाढते.

हे ओळखून त्यांनी काही साधे बदल केले. पूर्वी झगा, चादर, द्रावण हे सामान वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करावे लागे. ज्या वस्तूसाठी दूर जावे लागते ती घाईत वगळली जाते. म्हणून सगळे सामान एका ढकलगाडीत ठेवले. सर्वांना प्रशिक्षण दिले. नळी काढता येईल का, हे रोज विचारायला सुरुवात केली. पायऱ्यांची एका पानाची यादी केली आणि ती परिचारिकेच्या हाती दिली. यानंतरचा बदल सर्वांत अवघड होता. डॉक्टरने एखादी पायरी वगळली तर त्याला तेथेच थांबवण्याचा अधिकार परिचारिकेला दिला.

रुग्णालयातली उतरंड ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली अडचण लगेच कळेल. 'डॉक्टर, हात धुवायचे राहिले' हे वाक्य उच्चारायला नव्या परिचारिकेला किती धैर्य लागेल! कागदावरच्या यादीने ते सोपे केले. टोकणे हा आगाऊपणा राहिला नाही. ते तिचे नेमून दिलेले काम झाले, आणि वरिष्ठ तिच्या पाठीशी उभे राहिले. २००२ सालच्या शेवटच्या तिमाहीत त्या विभागातले संसर्गाचे प्रमाण शून्यावर आले.

मिशिगनचा अनुभव

एका नामांकित रुग्णालयात जमले ते इतरत्र जमेल का? २००४ सालापासून मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक अतिदक्षता विभागांनी हा कार्यक्रम हाती घेतला. त्यांत लहान-मोठी, श्रीमंत-गरीब सर्व तऱ्हेची रुग्णालये होती. १०३ विभागांतल्या ३,७५,७५७ नळी-दिवसांचा हिशेब २००६ साली प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सरासरी प्रमाण ७.७ होते, सोळा ते अठरा महिन्यांनी ते १.४ झाले. मध्यक मात्र २.७ वरून तीनच महिन्यांत शून्यावर आला. मध्यक शून्य याचा अर्थ असा की, निम्म्या किंवा त्याहून अधिक विभागांत त्या काळात एकही संसर्ग झाला नाही. सरासरी आणि मध्यक यांतला फरक शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे. पुढे हे यश तीन वर्षे टिकल्याचेही दिसले.

अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राच्या अंदाजानुसार त्या देशातल्या अतिदक्षता विभागांत २००१ साली असे सुमारे ४३,००० संसर्ग झाले होते. २००९ साली ते सुमारे १८,००० वर आले.

यादी म्हणजे मंत्र नव्हे

या यशानंतर 'यादी लावा, संसर्ग पळवा' अशी समजूत पसरली. तिच्याबद्दल सावध राहायला हवे. इंग्लंडमध्ये २००९ ते २०११ या काळात मिशिगनच्या धर्तीवर मोहीम झाली. प्रौढांच्या विभागांतले प्रमाण ३.७ वरून १.४८ वर आले. पण ज्या विभागांत मोहीम अजून सुरू व्हायची होती तेथेही प्रमाण जवळपास तसेच उतरत होते. म्हणजे घट खरी होती, पण तिचे सगळे श्रेय मोहिमेला देता येत नव्हते. तेथे आधीपासून इतर प्रयत्न चालू होते. मिशिगनच्या अभ्यासातही तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही त्याची मर्यादा आहे. प्रोनोव्होस्ट यांनी स्वतः २००९ साली सहलेखकांबरोबर लिहिले की, केवळ यादीने हे घडले असे समजणे चुकीचे आहे. आकडे नियमित मोजून ते कर्मचाऱ्यांना दाखवणे, सामान हाताशी ठेवणे आणि एकमेकांना टोकण्याची मोकळीक असणे या गोष्टी नसतील तर यादीवर नुसत्या खुणा होत राहतात.

मिळवलेले यश निसटूही शकते. २०२० साली कोविडच्या साथीत रुग्णांची गर्दी झाली, नवखे कर्मचारी अतिदक्षता विभागात आले, आणि अमेरिकेतल्या रुग्णालयांत हे संसर्ग पुन्हा लक्षणीयरीत्या वाढले. जंतू तेच होते. काळजी घेणारे हात अपुरे पडले.

आपल्याकडे

भारतात हा प्रश्न अधिक बिकट आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या जाळ्याने मे २०१७ ते ऑक्टोबर २०१८ या काळात २६ रुग्णालयांच्या ८९ अतिदक्षता विभागांत एकाच पद्धतीने मोजणी केली. रक्तसंसर्गात येथे क्लेब्सिएला व ॲसिनेटोबॅक्टर हे जिवाणू आघाडीवर दिसले, आणि त्यांतले पुष्कळ कार्बापेनेम गटातल्या प्रभावी प्रतिजैविकांनाही दाद न देणारे होते. औषधांची शस्त्रे बोथट होत असताना संसर्ग होऊच न देणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

काही धोके परिस्थितीतून येतात. एका परिचारिकेकडे अनेक रुग्ण असले की दर वेळी नळीचे तोंड जंतुनाशकाने चोळायला वेळ उरत नाही. सलाइनच्या बाटलीत हवा जावी म्हणून वरून सुई टोचून ठेवण्याची पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. त्या सुईतून खोलीतली हवा व तिच्याबरोबर जंतू आत जातात. अर्जेंटिनात अशा उघड्या बाटल्यांऐवजी आपोआप आक्रसणाऱ्या बंद पिशव्या वापरल्यावर संसर्ग घटल्याचे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

नातेवाईक म्हणून आपणही काही करू शकतो. नळीला किंवा तिच्यावरच्या पट्टीला हात लावू नये. पट्टी ओली झाली, सुटली, किंवा त्या जागी लाली अथवा पू दिसला, रुग्णाला थंडी वाजून ताप भरला, तर लगेच परिचारिकेला सांगावे. आणि सकाळी डॉक्टर फेरीला आले की आदराने विचारावे, "डॉक्टरसाहेब, ही नळी अजून लागणार आहे का?"

आमच्या मते शिक्षकांसाठी या साऱ्यात एक वेगळाही विचार आहे. फळ्यावर गणित सोडवताना सरांची किंवा बाईंची वजाबाकी चुकते. मागच्या बाकावरच्या एखाद्या मुलीला ती दिसते, पण ती गप्प बसते. ती हात वर करून 'बाई, तिथे सात हवेत' असे म्हणू शकली आणि बाईंनी 'बरोबर आहे तुझे' म्हणत आकडा दुरुस्त केला, तर वजाबाकीपेक्षा मोठे काही ती शिकते. उद्या तीच मुलगी परिचारिका म्हणून एखाद्या खाटेशेजारी हातात यादी घेऊन उभी असेल.